कपाटातला फिल्म कॅमेरा बाहेर काढा: रविवारची भटकंती आणि जुन्या लेन्स

रीळवाला

बऱ्याच मराठी घरांत एक तरी फिल्म कॅमेरा अजून आहे. कातडी कव्हरात, कव्हर प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात. कुणी हात लावू नये म्हणून नीट गुंडाळलेला. माझं म्हणणं एवढंच, की कॅमेरा मारायचा याहून खात्रीचा उपाय नाही. बुरशीला अंधार, ओल आणि कोंदट हवा लागते. कातडी कव्हर हे तिन्ही पुरवतं. आतलं ग्रीस घट्ट होतं. शटरचे संथ वेग आधी अडखळतात, मग अडकतात. मागच्या दाराच्या खोबणीतला फोम विरघळून त्याचा काळा चिकट लगदा होतो. उलट अधूनमधून बाहेर पडणारा, ऊनवारा लागलेला कॅमेरा साठीला आला तरी बिनतक्रार चालतो.

म्हणून हा धागा. कुठला कॅमेरा कुठे नेलात, कुठली लेन्स लावली, काय जमलं ते लिहा. काचेच्या कपाटातल्या संग्रहाचे फोटो कृपया नकोत.

सुरुवात मीच करतो. माझा भटकंतीचा गडी म्हणजे पेंटॅक्स के१०००, वर ५० मिमी एफ/२ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, भिंग तितकं जास्त उघडं). हा कॅमेरा १९७६ ते १९९७ असा वीसेक वर्षं जवळपास न बदलता बनत राहिला. सगळा कारभार यांत्रिक. बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा हलवायला. ती संपली तरी शटर चालतं. मीटरला बंद करायचं बटण नाही, लेन्सवर टोपी घातली की झालं.

परवा भाजे लेण्यांत नेला होता. मळवली स्टेशनवरून चालत. चैत्यगृह पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी जाणारे लोक उजेड चुकवतात. दुपार कलल्यावर जा. ऊन कमानीतून आत शिरतं आणि छताच्या लाकडी फासळ्यांपर्यंत त्याचा उजेड पोचतो. (त्या फासळ्या मूळच्या आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. माना वर करून बघायचं लोक विसरतात.) पण इथे के१०००चा मीटर फसतो. तो सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, आणि चौकटीत उजळ कमान असली की काटा उडी मारून वर जातो. आतून कमानीचा फोटो त्याच मापावर घेतलात तर खांब काळेठिक्कर. म्हणून कॅमेरा खाली करून आतल्या जमिनीवर माप घ्यायचं, तेच ठेवून मग चौकट जुळवायची. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड खुशाल पचवते, कमी उजेड मात्र पचवत नाही.

हिशेबनीस

धागा छान, पण हौसेला मोल नसतं म्हणतात ते हेच का? कलर रोल हजाराच्या आसपास, वर धुलाई आणि स्कॅन. ३६ फोटोंत दहा बरे आले तरी एकेक बरा फोटो केवढ्याला पडला ते काढा. तेवढ्यात घरच्यांना मिसळ खाऊ घालून होईल. फोनमध्ये फिल्मचा फिल्टर असतो, फुकट.

तिसरी_घंटा

+१ हिशेबनीस. पण मिसळ खाल्ल्याचा फोटो फोनवर काढणार ना, मग तोही दोन दिवसांत विसरणार.

ठाण्याची_मुग्धा

हिशेबनीस, तुमच्यासाठी मधली वाट आहे. फिल्म नको तर नको, जुनी लेन्स घ्या आणि मिररलेस डिजिटल बॉडीवर लावा. एकदाच खर्च.

जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांच्या लेन्स फिल्मपासून लांब बसायच्या, कारण मध्ये आरसा असे. एम४२ या स्क्रूच्या माउंटला (माउंट म्हणजे लेन्स बसवायची कडी) ४५.४६ मिमी अंतर लागतं, निकॉन एफला ४६.५. मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून हे अंतर सोनी ई-माउंटला १८, कॅनन आरएफला २०, निकॉन झेडला १६ मिमी. उरलेली जागा रिकाम्या नळीने भरून काढायची. ॲडॅप्टर म्हणजे ती नळी, आत काच नाही काही नाही. म्हणूनच जवळजवळ कुठलीही जुनी एसएलआर लेन्स चालते आणि अनंतापर्यंत फोकस होते. निकॉनच्या जुन्या डीएसएलआरवर एम४२ लावू पाहणाऱ्यांचा मात्र हिरमोड होतो: तिथे बॉडीचं अंतर आधीच लेन्सच्या गरजेपेक्षा जास्त, नळीला जागाच उरत नाही. मग साध्या ॲडॅप्टरने लांबचा डोंगर फोकसमध्ये येत नाही, काचवाला घ्यावा लागतो, आणि ती काच बहुतेकदा सुमार असते.

बॉडीच्या मेनूत 'लेन्सशिवाय शटर' हा पर्याय चालू करा, नाहीतर खटका दाबूनही काही होत नाही आणि माणूस दुकानदाराशी भांडायला जातो. बॉडीत स्थिरीकरण असेल तर लेन्सचे मिमी हाताने भरा. फोकस पीकिंग लावलं की फोकसमध्ये आलेल्या कडा रंगीत दिसतात. एवढं झालं की दोन तासांत हात बसतो.

मी हेलिओस ४४-२ वापरते, ५८ मिमी एफ/२. पेठेतल्या वाड्यांत, तुळशीवृंदावनाशी, झाडांच्या गर्दीत कुणाला उभं करायचं, भिंग पूर्ण उघडायचं. मागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात. फिल्टरने हे नीट जमत नाही, कारण भोवरा किती दिसेल ते पाठीमागचं झाड किती लांब आहे यावर ठरतं.

एल्बेकाठ

मुग्धाताई, तुमच्या हेलिओसचं आजोळ माझ्या घरापासून फार लांब नाही. मी ड्रेस्डेनला असतो. इथून जवळच येना, तिथल्या त्साइसची बिओटार ५८ मिमी एफ/२ ही मूळ लेन्स. बिओटारची रचना विली मेर्टे यांची. युद्धानंतर ती सोव्हिएत कारखान्यांकडे गेली आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये हेलिओस म्हणून झेनिट कॅमेऱ्यांवर बसली. आपल्याकडे रुपया-रुबलच्या व्यापारात झेनिट आले, म्हणून पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात हेलिओस इतक्या सापडतात. जर्मन बिओटारला इथे लोक भलते पैसे मागतात. फोटोत फरक शोधायला मात्र डोळे ताणावे लागतात.

इथे शनिवारी एल्बेकाठी जुना बाजार भरतो. प्राक्टिका, एक्झाक्टा कॅमेरे, टेसार ५० मिमी एफ/२.८ लेन्स असं सगळं चादरीवर पसरलेलं. माझी सुट्टी म्हणजे सकाळी बाजार, दुपारी नदीकाठ. पूर्वीच्या एर्नेमान कॅमेरा कारखान्यात आता तंत्रज्ञानाचं संग्रहालय आहे. वरच्या मनोऱ्यातून शहर दिसतं. इकडे कुणी आलं तर जरूर जा.

एक सावधगिरी. झोर्की-४ सारखे सोव्हिएत रेंजफाइंडर (आरसा नसलेले, खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचे कॅमेरे) कुणी घेतले तर शटरचा वेग रोल पुढे सरकवून शटर चढवल्यानंतरच बदला. आधी फिरवलात तर आतली यंत्रणा बिघडू शकते. हे कॅमेऱ्यावर कुठेही लिहिलेलं नसतं, आणि विकणारा सांगत नाही.

रीळवाला

एल्बेकाठ, मेजवानी दिलीत. आपल्या जुन्या बाजाराचं मी सांगतो. पुण्यात कुंभारवेशीजवळ बुधवारी आणि रविवारी, मुंबईत चोरबाजार. नीट चालता माल हवा तर फोर्टातली बोरा बाजार गल्ली, तिथे भाव जास्त पण परत जाऊन विचारायला दुकान तरी असतं.

जुन्या बाजारात नाव बघून पैसे काढू नका. विक्रेता 'जर्मन है, जर्मन है' म्हणत असतो. त्याला म्हणू द्या. मी काय करतो सांगतो. लेन्स बॉडीवरून उतरवायची, ॲपर्चर (आतल्या पात्यांचं उजेडाचं भोक) पूर्ण उघडायचं, फोनचा टॉर्च मागून लावायचा आणि पुढून तिरकं बघायचं. समोरून सरळ बघितलं तर सगळ्या लेन्स स्वच्छ दिसतात. तिरक्या उजेडात बुरशीचे धागे कडेपासून आत आलेले दिसतात, कोळिष्टकासारखे. कडेला इंद्रधनुषी पट्टा दिसला तर दोन काचांमधला डिंक सुटलाय, तिथेच ठेवा. बारीक धुळीकडे दुर्लक्ष करा, फोटोत काही दिसत नाही. मग ॲपर्चरची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायची. पाती कोरडी हवीत. त्यांच्यावर तेलाची चमक असली की ती आळसावतात.

आता बॉडी. मागचं दार उघडून, एक सेकंदावर ठेवून खटका. कान लावून ऐका: सुरुवात आणि शेवट यांत खरोखर एक सेकंद जातो का? मध्येच कुरकुरून थांबलं तर ग्रीस गेलंय. मग सगळ्यात वेगवान शटरवर, मागून आकाशाकडे बघत खटका. उजेडाची चौकट पूर्ण दिसायला हवी, एका बाजूला काळी पट्टी नको. शेवटी खोबणीत नख. काळं चिकट बोटाला लागलं तर घाबरू नका, फोम बदलणं घरचं काम आहे. पण भाव पाडायला उत्तम.

विक्रेत्याचा चहा येईपर्यंत एवढं होतं.

आगरातला

रत्नागिरीहून बोलतोय. पुणेकरांनो, तुमचा पावसाळा आम्हाला विनोद वाटतो. इथे जून ते सप्टेंबर चपलांना, पट्ट्यांना, पुस्तकांना, सगळ्याला बुरशी येते. लेन्स काय चीज.

माझी पद्धत: कातडी कव्हर वेगळं, कॅमेरा वेगळा. कव्हर भिंतीवर खिळ्याला. कॅमेरे रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये काटा ठेवायचा. त्याहून फार कोरडंही नको, तेल सुकतं. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर जाड तव्यात परतून पुन्हा डब्यात. (खाण्याचा तवा नव्हे. आमच्याकडे यावर रीतसर चर्चा झालेली आहे.) तांदळात ठेवा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, पीठ उडतं आणि फोकसच्या आट्यांत बसतं.

पण रीळवाला म्हणतात ते सोळा आणे खरं. डब्यापेक्षा ऊन बरं. श्रावणात उघडीप मिळाली की मी सगळ्या लेन्स टोप्या काढून पडवीत मांडतो. तोंड सूर्याकडे मात्र करायचं नाही. बॉडीवर लेन्स असेल तर उन्हाचा ठिपका कापडी शटर जाळू शकतो.

तिसरी_घंटा

माझ्या मामांनी दिलेली सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ आहे. काच चहासारखी पिवळट झालीय. गेली का?

आगरातला

गेली नाही. त्या लेन्सच्या एका काचेत थोरियम आहे. वर्षानुवर्षं अंधारात राहिली की काच पिवळी पडते. खिडकीत, ऊन येईल अशी बरेच दिवस ठेवा, किंवा अतिनील दिव्याखाली. रंग बराचसा उतरतो. हो, थोरियम म्हणजे किरणोत्सर्गी, पण फोटो काढायला हातात धरून काही होत नाही. फोडू नका, घासू नका, आयपीस करून डोळ्याला लावू नका, बास.

बघा, पुन्हा तेच. कपाटात ठेवली म्हणून बिघडली.

घाटमाथा

मी यशिका-मॅट १२४जी नेतो. दोन भिंगांचा, वरून खाली बघायचा. आत १२० नंबरचा रुंद रोल, १२ चौकोनी फोटो. वजन एक किलोच्या पुढे, तरी सिंहगडावर घेऊन जातो. वरच्या काचेत चित्र सरळ दिसतं पण डावं-उजवं उलटं, त्यामुळे सुरुवातीला माणूस चौकटीत आणायला गेलं की तो दुसरीकडेच पळतो.

गडावर पिठलं-भाकरी विकणाऱ्या मावशींचे फोटो मी वर्षानुवर्षं काढतोय. फोन समोर धरला की त्या पदर सारखा करून ताठ बसतात, चेहरा बदलतो. यशिकाशी तसं होत नाही. मी मान खाली घालून उभा असतो, त्यांच्याकडे बघतच नसतो. त्या आपल्या भाकरी थापत राहतात आणि मध्येच मला विचारतात, 'काय सापडंना व्हय?' तेव्हा हलकेच खटका. भिंगातल्या पात्यांच्या शटरचा आवाज इतका बारीक, की त्यांना कळतही नाही. नंतर विचारून प्रिंट नेऊन देतो. आता झोपडीत तीन लागलेत.

भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला रोलायफ्लेक्स वापरत, तीही याच धाटणीची. साडी नेसून, त्या काळच्या दिल्लीच्या धावपळीत. मी सिंहगडाच्या पायऱ्यांवर दमलो की ते आठवून गप्प चढतो.

मीटरची बॅटरी हा कटकटीचा विषय. जुनी १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. १.५ व्होल्टची साधी घातली तर माप चुकतं. त्यापेक्षा कानाच्या मशीनची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी घ्या, १.४ व्होल्ट, जवळजवळ तंतोतंत. वरचा कागद काढला की हवा लागून सुरू होते आणि काही आठवड्यांत संपते, म्हणून भटकंतीच्या सकाळीच काढायचा. आकार लहान पडतो, भोवती रबरी कडी घाला. दुकानदार आजोबांच्या तब्येतीची चौकशी करतो ते ऐकून घ्यायचं.

हिशेबनीस

परत आलो. आकडे काढत होतो. कृष्णधवल फिल्मचा १०० फुटी मोठा रोल मिळतो. लोडरने (मोठ्या रोलमधून छोटे रोल भरायची डबी) स्वतः भरला तर त्यात ३६ चे अठराच्या आसपास रोल निघतात. धुवायला घरी. म्हणजे प्रति फोटो खर्च मिसळीच्या पावापर्यंत खाली येतो. तरी स्कॅनचं काय?

ठाण्याची_मुग्धा

आला मासा गळाला.

स्कॅनला स्कॅनर नको. डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स, खाली सपाट पांढरा दिवा, निगेटिव्हचा फोटो काढायचा आणि संगणकावर उलटा करायचा.

धुण्याबद्दल: काळी बाही असलेली पिशवी, टाकी, डी-७६ (चित्र उमटवणारं डेव्हलपर) आणि फिक्सर (ते पक्कं करणारं रसायन). अंधार फक्त रोल टाकीत भरेपर्यंत. अडचण आपल्या हवेची. वेळापत्रकं २० अंशांवर लिहिलेली, नळाचं पाणी ठाण्यात उन्हाळ्यात ३० ला टेकतं. गरम पाण्यात वेळ कमी करता येतो, पण पाच मिनिटांच्या खाली गेलं की आकाशात पट्टे येतात. मी डी-७६ एकास एक पाण्यात पातळ करते, एचपी५ फिल्मला मग २० अंशांवर ११ मिनिटं मिळतात. टबात बर्फ टाकून सगळ्या बाटल्या त्यात. फ्रीजमधला बर्फ संपला म्हणून सासूबाईंचं सरबत राहिलं, तेवढंच नुकसान.

बोअरिंगच्या पाण्याने सुकताना फिल्मवर पांढरे डाग पडतात. शेवटची धुणी इन्व्हर्टरमध्ये घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने करा. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून धूळ बसवायची, मग फिल्म चिमट्याने टांगायची, आणि पंखा बंद.

बाबांचा_क्लिक

पहिलाच प्रतिसाद. बाबांचा अॅग्फा क्लिक थ्री आहे. 'मेड इन इंडिया' लिहिलंय. यात रोल मिळेल का? की शोभेचाच?

रीळवाला

शोभेचा मुळीच नाही! आपल्याकडचे क्लिक थ्री बडोद्याला बनायचे. किती घरांच्या साखरपुडे-बारशांचे फोटो याने काढलेत त्याला गणती नाही. रोल १२० चा, घाटमाथांच्या यशिकात लागतो तोच, आजही मिळतो. १९०१ पासून हा रोल चालू आहे. तेव्हा अनेकजण उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' घालायचे, तो मात्र आता नाही.

१०० किंवा १२५ आयएसओचा (फिल्म उजेड किती चटकन टिपते त्याचा आकडा) कृष्णधवल रोल भरा. मागच्या लाल खिडकीत आकडा दिसेपर्यंत चावी फिरवा, थांबा, पुढचा फोटो काढला की पुन्हा. लाल खिडकीवर भर उन्हात बोट ठेवा, आजच्या फिल्म लाल उजेडही पकडतात. भिंग एकच, त्यामुळे कडा मऊ येतात. उन्हातच काढा, माणूस दोन-तीन मीटर लांब, हात शरीराला टेकवून. फोकसची भानगड नाही.

बाबांचा_क्लिक

आभारी आहे काका. आई म्हणतेय आधी तिचा काढ.

एल्बेकाठ

दिवाळीत येतोय, रोल घेऊन येईन. येताना एक सांगून ठेवतो सगळ्यांना: विमानतळावर सामान तपासायची नवी सीटी (क्ष-किरण) यंत्रं बसवली आहेत तिथे रोल बॅगेत ठेवू नका, फिल्म धुरकटते. पारदर्शक पिशवीत घालून 'हाताने तपासा' म्हणून विनंती करा. चेक-इन सामानात तर कधीच नाही.

रीळवाला

मग दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मेणवली. वाईच्या पुढे नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेली घंटाही तिथेच आहे. सकाळी आठच्या आत घाटावर पोचायचं. नंतर पायऱ्यांवर कपडे वाळत पडतात (तेही चांगले फोटो, पण ज्याची त्याची आवड). काळा दगड आणि पांढरं आकाश एकत्र येतं, माप पायऱ्यांवर घ्या. मीटर नसेल त्यांनी उजळ उन्हात एफ/१६ आणि आयएसओ इतकाच शटर: २०० च्या रोलला सेकंदाचा २५० वा भाग. ऊन पातळ असेल तर एफ/११, ढगाळ असेल तर एफ/८.

एक कॅमेरा, एक लेन्स, एक रोल. बॅगभर आणणाऱ्याने सगळ्यांचा नाश्ता द्यायचा.

हिशेबनीस

१०० फुटी रोल मागवलाय. लोडर कुणाकडे उसना मिळेल का?

घाटमाथा

माझ्याकडे आहे. मेणवलीला आणतो. परत करायचा आहे, लिहून ठेवा.